किनाऱ्यावरून देवमासे दिसत नाहीत, या दाव्याविषयी

देवमाशांच्या स्थलांतराचा हंगाम जवळ आला की एक संदेश हटकून फिरू लागतो. त्याचा आशय असा: देवमासे खोल समुद्रात राहतात, म्हणून ते पाहायचे तर बोटीनेच जावे लागते, किनाऱ्यावरून एखादा दिसलाच तर तो निव्वळ नशिबाचा भाग, आणि किनाऱ्याजवळ आलेला देवमासा बहुधा वाट चुकलेला किंवा आजारी असतो. तिन्ही विधाने एका दमात केलेली असल्यामुळे ती एकमेकांना आधार देतात असे वाटते, पण सुटी करून तपासली तर त्यांतले एकही धड उभे राहत नाही.

पहिल्या विधानात सगळ्या देवमाशांना एकच सवय चिकटवून टाकली आहे. स्पर्म व्हेल खोल पाण्यात बुडी मारून स्क्विड खातो, त्याला गाठायला सहसा बोट लागते, हे मान्यच आहे. करडा देवमासा (ग्रे व्हेल) मात्र किनारा धरून चालणारा प्रवासी आहे. आर्क्टिककडच्या समुद्रातून निघून मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ खाजणांपर्यंत जायचे आणि पुन्हा परतायचे, असा वर्षाकाठी १६,००० ते २०,००० किलोमीटरचा त्याचा प्रवास उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत होतो. दक्षिण आफ्रिकेतील हर्मानसच्या उपसागरात साधारण जून ते नोव्हेंबर या काळात येणारे सदर्न राइट व्हेल तर कड्यावरच्या पायवाटेवरून, दुर्बिणीशिवायही दिसतात. याहून बोलका पुरावा मोजणीचा आहे. करड्या देवमाशांची गणना अमेरिकी शास्त्रज्ञ १९६७ पासून मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बसूनच करत आले आहेत. या प्राण्यांची संख्या २०१६ साली सुमारे २७,००० होती आणि २०२५ साली ती सुमारे १३,००० वर आली, हा चिंताजनक अंदाजही त्याच मोजणीतून निघाला. बोटींच्या वर्दळीमुळे देवमाशांचे वागणे बदलते का, हे तपासतानाही संशोधक कड्यावर थिओडोलाइट हे कोन मोजणारे उपकरण लावून त्यांचा मार्ग आखतात, कारण निरीक्षकाचीच बोट जवळ गेली तर मोजायचे तेच बिघडते.

नशिबाच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण निराश होऊन परतलेल्या पुष्कळांचा त्यावर मनापासून विश्वास असतो. पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज जेमतेम ४.५ ते ५ किलोमीटरवर असते. तोच माणूस ३० मीटर उंचीच्या कड्यावर चढला की ते १९ किलोमीटरच्या पुढे जाते. म्हणजे जागा निवडतानाच निम्मे काम होते. पुढचा प्रश्न काय शोधायचे हा. उसळी मारणारे अख्खे धूड शोधणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. शोधायचा असतो तो फवारा, आणि तोही चित्रात दाखवतात तसा डोक्यातून उडणाऱ्या पाण्याच्या कारंज्यासारखा नसतो. तो देवमाशाचा उच्छ्वास असतो, क्षणभर हवेत तरंगून विरणाऱ्या धुक्यासारखा. करड्या देवमाशाचा फवारा समोरून पाहिल्यास पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा दिसतो, तर राइट व्हेलचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुभंगलेला असतो. आधी नुसत्या डोळ्यांनी पाण्यावर सावकाश नजर फिरवावी आणि फवारा दिसल्यावरच दुर्बीण उचलावी; सुरुवातीपासून दुर्बिणीत डोळे खुपसून बसणाऱ्याला समुद्राचा एक चिंचोळा तुकडाच दिसत राहतो. वाऱ्याने लाटांवर पांढरा फेस उठलेला असेल तर त्या दिवशी अपेक्षा बेताचीच ठेवावी, कारण फेस आणि फवारा यांत नजर फसते.

सर्वांत जास्त फसगत होते ती पहिला फवारा दिसल्यानंतर. प्रवासातला करडा देवमासा साधारणपणे तीन ते पाच वेळा थोड्या थोड्या अंतराने श्वास घेतो आणि मग तीन ते सहा मिनिटांची बुडी मारतो. ताशी सुमारे ६ किलोमीटरचा वेग धरला तर पाच मिनिटांत तो अर्धा किलोमीटर पुढे निघून गेलेला असतो. पाहणारा मात्र जिथे फवारा उठला त्याच ठिकाणी टक लावून बसतो आणि शेवटी ‘गेला वाटतं’ म्हणून उठतो. प्रवासाच्या दिशेने नजर पुढे सरकवून घड्याळाकडे लक्ष ठेवले, तर तोच प्राणी पुन्हा सापडण्याची शक्यता बरीच वाढते. धुके किंवा वादळ आडवे आले तर इलाज नाही, पण एवढ्याला नशीब म्हणायचे तर बोटीच्या तिकिटालाही तेच नाव द्यावे लागेल.

वाट चुकल्याची गोष्ट त्या मानाने लवकर निकालात निघते. वसंत ऋतूत उत्तरेकडे परतणाऱ्या करड्या देवमाशांमध्ये पिल्ले घेऊन निघालेल्या माद्या सर्वांत शेवटी येतात आणि किनाऱ्याच्या फार जवळून जातात. पिल्लांची शिकार करणाऱ्या ऑर्कांपासून (किलर व्हेल) बचाव, हे त्याचे एक कारण मानले जाते. ही त्यांची नेहमीचीच वाट आहे. मात्र किनाऱ्याजवळचा प्रत्येक देवमासा धडधाकटच असतो, असा उलटा अर्थही काढू नये. २०१९ ते २०२३ या काळात करडे देवमासे मोठ्या संख्येने मेले आणि त्यांतले अनेक उपासमारीने खंगलेले होते. अशा प्राण्याची खूण त्याच्या शरीरावर दिसते: डोक्यामागे खळगा पडलेला असतो आणि पाठीची हाडे वर आलेली असतात. किनाऱ्यापासूनच्या अंतरावरून ते ठरवता येत नाही. वाळूत रुतलेला देवमासा ही वेगळीच बाब आहे. त्याला स्वतः पाण्यात ढकलायला जाऊ नये, दूर राहून स्थानिक बचाव यंत्रणेला कळवावे, आणि पथक येईपर्यंत गर्दी व कुत्री त्याच्यापासून लांब ठेवावीत.