'७२ तासांची गोळी' आणि ग्रुपवरचा घबराटीचा मेसेज

ऐरोलीपासून घोडबंदरपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: '७२ तासांची गोळी' म्हणजे गुपचूप गर्भपात, कॉलेजच्या वयात एकदा जरी घेतली तरी पुढे मूल होत नाही, केमिस्ट ती चिठ्ठीशिवाय देतात हा गुन्हा, तेव्हा पालकांनो, मुलींच्या पर्स तपासा. मी मेडिकलच्या काउंटरवर बसणारी फार्मासिस्ट. ही गोळी मीच विकते, त्यामुळे उत्तरही मीच द्यायला हवं.

आधी गर्भपात, कारण बाकीची भीती त्यावरच उभी आहे. असुरक्षित संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून ७२ तासांच्या आत घ्यायची ही गोळी. तिच्यात १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असतं. ते बीजकोशातून बीज सुटणं लांबवतं. शुक्राणू शरीरात पाचेक दिवस तग धरतात. तेवढ्यात बीजच भेटलं नाही तर गर्भ राहणार कुठून? बीज आधीच सुटलं असेल तर गोळीचा फारसा उपयोग नाही. आणि गर्भ रुजला असेल तर ती तो पाडू शकत नाही, त्याला इजाही करत नाही. गर्भपाताची औषधं वेगळी, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. मेसेजमुळे खरं नुकसान होतं ते इथे: पाळी चुकल्यावर 'तीच गोळी द्या' म्हणणाऱ्या मुली येतात. त्यांना गोळी नाही, लघवीची तपासणी आणि डॉक्टर हवा असतो. दुसरीकडे, जिला गोळी खरंच हवी ती पापाच्या भीतीने दोन दिवस घालवते. ७२ तास ही शेवटची मुदत आहे. जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी.

वांझपण? नाही. मळमळ, डोकेदुखी, थोडं रक्त जाणं, पाळी पुढेमागे होणं, एवढंच. उलट त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर गर्भ राहू शकतो, कारण गोळीचा असर पुढे टिकत नाही. दोन तासांच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करा.

चिठ्ठीचा मुद्दा तर जुनाच निकालात निघालाय. २००५ पासून ही गोळी भारतात चिठ्ठीशिवाय मिळते.

'वारंवार घेऊ नका' हे मेसेजमधलं एक वाक्य बरोबर, कारण मात्र चूक. गर्भाशय सडत वगैरे नाही. निरोध, रोजच्या गोळ्या किंवा कॉपर टीपेक्षा ही जास्त वेळा फसते, आणि एचआयव्हीपासून वाचवत नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर असर आणखी घटतो. अशा वेळी संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर टी चांगली. इतक्या कामाची गोष्ट मेसेजवाल्याला सुचली नाही.

राहिली पर्स. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार तिची संमती धरली जात नाही आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. म्हणूनच या मुली दवाखाना टाळतात. अशा मुलीच्या गर्भपाताबाबत कळवताना, तिने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी तिचं नाव उघड करण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. आणि पर्समधल्या गोळीमागे जबरदस्ती असू शकते, हा विचार मेसेजला शिवतही नाही. तसं असेल तर मुलीला ओरडत बसू नका, सरळ हॉस्पिटलात न्या. सरकारी असो वा खासगी, त्यांना मोफत उपचार लगेच द्यावेच लागतात. एफआयआर झालेला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.