काकीने दुसरं लग्न केलेलं नाही, घ्या लिहून!

मंगळवारी आणखी एक रजा बँकेच्या बाकड्यावर गेली. काकीची पेन्शन जानेवारीपासून बंद आहे आणि ती का बंद आहे एवढंच विचारायची ही सहावी खेप. टोकन ४७, चालू नंबर ९. साडेबाराला सर्व्हर झोपला, पावणेदोनला उठला तर ह्यांची जेवणाची सुट्टी. त्याचं मला काही नाही, आता डबा घेऊनच जातो. पण अडीच वाजता खिडकीतल्या पोराने अंगठ्याला थुंकी लावून काकीची फाईल उलटली आणि मान वर न करता विचारलं, "परत लग्न केलंय का?"

काकीला वाटलं माझ्याबद्दल विचारतोय. ती म्हणाली, "न्हाई, त्याचं एकच झालंय."

"त्यांचं नाही ओ मावशी, तुमचं. पुनर्विवाह न केल्याचा दाखला नाहीये यात."

काकी साठीला टेकलीय. गुडघ्याला पट्टा बांधून पायरी चढते. काका १९८७ च्या नोव्हेंबरात गेला तेव्हा ही एकवीस वर्षांची, कडेवर वर्षाची पोरगी. तेव्हा आमच्या एवढ्या मोठ्या भावकीत "करतेस का परत?" म्हणायची एकाचीही छाती झाली नाही, आमचे आजोबा धरून. आणि आता अडतीस वर्षांनी हा प्रश्न खिडकीतनं आला, तोही मागे पन्नास माणसं ऐकतायत तेव्हा. मागचा एक जण हसला पण. त्याला मी बघून ठेवलाय.

बरं, दाखला आणायचा कुठून? तर सरपंच किंवा गॅझेटेड ऑफिसर. आमचा सरपंच एकोणतीस वर्षांचा. काका गेला तेव्हा त्याच्या बापाचं लग्न व्हायचं होतं. तो आता लिहून देणार की १९९१ साली ह्या बाईने गुपचूप मुंडावळ्या बांधल्या नव्हत्या! न केलेल्या गोष्टीचा पुरावा काय असतो हो? न छापलेली पत्रिका दाखवायची, की न वाजलेल्या बँडची पावती?

तर माझा आवाज चढला. माझा चढतो, घरी सगळ्यांना माहीत आहे. मी म्हटलं, अरे, हिचा नवरा लढाईत गेलाय. पोरगं जरा सरळ बसलं. "कारगिल का?"

"श्रीलंका."

"श्रीलंकेशी आपलं कधी झालं?"

इथे मला बोलताच येईना, कारण त्याचंही बरोबरच आहे. आपलं नव्हतंच ते. भांडण त्यांच्या घरातलं, तिथलं सरकार आणि तमिळ बंडखोरांचं, मधे पडलो आपण. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी सलामी घेताना तिथल्या नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. तिथंच ओळखायचं होतं. पण नाही, आपल्या लष्कराची शांतिसेना गेली. ज्या तमिळ पोरांना आपणच शिकवून पाठवलं होतं तीच ऑक्टोबरात जाफन्यात समोर उभी. बाराशेच्या आसपास आपली माणसं गेली. मार्च १९९० मध्ये उरलेली बोटीने मद्रासला परतली तर तिथले मुख्यमंत्री स्वागतालाही आले नाहीत. आणि ज्या श्रीलंकेने "निघा आता" म्हणून सांगितलं होतं, तिनेच नंतर कोलंबोजवळ आपल्या माणसांचं स्मारक बांधलं, नावं कोरली. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकातही काकाचं नाव ग्रॅनाइटवर आहे, काना-मात्रा सगळं जागच्या जागी. दगडावर चूक झाली नाही. कॉम्प्युटरात मात्र काकी म्हणजे तीन वेगवेगळ्या बायका आहेत.

एक आधार कार्डावरची, माहेरच्या नावाची. दुसरी लग्नात काकाने तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेल्या नावाची, ती रेशनकार्डावर. आणि तिसरी पलटणीच्या कागदातली. तिथल्या हिंदी बाबूने सगळ्यांच्या बायकांना ठोकतात तसं हिच्याही नावापुढे 'देवी' ठोकलंय. आमच्या भागात देवी एक तर अंगात येते नाहीतर पूर्वी लहानपणी टोचायचे. रेकॉर्डला तिची जन्मतारीख १ जून, कारण मास्तरांनी वर्गातल्या सगळ्यांचीच १ जून लावली होती. आधारवर १ जानेवारी, कारण तिथल्या पोराला महिना विचारायचा कंटाळा आला. ह्या तिघी एकच आहेत म्हणून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्कराच्या रेकॉर्डात बदल नोंदवायचा हुकूम, निघायला पाहिजे म्हणे. ती चार वर्षं निघतेच आहे.

आणि ही काही पहिली वेळ नाही. पहिली कितीतरी वर्षं तिला साधीच फॅमिली पेन्शन मिळाली, म्हणजे पगाराच्या ३० टक्के. लढाईत गेलेल्याच्या बायकोला लिबरलाइज्ड मिळते, पूर्ण पगाराएवढी. हिला का नाही? काका जाफन्यात जखमी झाला, पण जीव गेला मद्रासच्या मिलिटरी हॉस्पिटलात. कागदावर मृत्यूचं ठिकाण मद्रास. मग कुठल्यातरी टेबलावरच्या साहेबाने शेरा मारला की मद्रासला लढाई नव्हती. ते निस्तरण्यात माझ्या वडिलांच्या चपला झिजल्या. आता माझ्या.

१५ ऑगस्टला मात्र ती 'वीरपत्नी' असते. साडेसातला बोलवायचं, पुढारी दहाला येणार, तोवर ही उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. मग शाल आणि नारळ. ट्रंकेत चौदा शाली आहेत, मोजल्यात मी. सगळ्या एकजात चॉकलेटी, सगळ्या टोचऱ्या. नारळाची निदान चटणी तरी होते.

असो. तर मी तसाच तणतणत मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसलो. लढाई, बलिदान, लाज वाटते का, सगळं झालं. बिचाऱ्याने शांतपणे पडदा माझ्याकडे फिरवला. दाखलाबिखला नंतरची गोष्ट, पेन्शन बंद झाली ती नोव्हेंबरचा हयातीचा दाखला न आल्यामुळे. तो कुणी भरायचा होता? काकीची मुलगी लांब सुरतेला, म्हणून ते काम माझ्याकडे. नोव्हेंबरात मी कुठे होतो? गोव्यात. "झालं गं काकी काम," असं फोनवर कुणी सांगितलं होतं? मीच.

म्हणजे सरकार-दरबारी काकीला जानेवारीत मारली ती मी. काकीने माझ्याकडे बघितलं आणि मॅनेजरला म्हणाली, "साहेब, मीच न्हवती आठवण केली त्याला." आणि पिशवीतले दोन शेंगदाण्याचे लाडू त्याच्या टेबलावर ठेवले. केबिनच्या काचेतून मला तो मघाचा हसणारा दिसत होता.

ठीक आहे, ते माझं चुकलं. अंगठा तिथल्या तिथे देऊन टाकला, तिसऱ्या वेळेला लागला, भांडी घासून बोटांच्या रेषा गेल्यात तिच्या. पण तो लग्नाचा दाखला माझ्यामुळे नाही ना? तो पाहिजेच आहे. मॅनेजरने लाडू खाऊन पण सांगितलं, पाहिजेच.

काल रात्री सरपंचाचा मेसेज: "दादा मजकूर काय टाकू?" मी लिहायला बसलो. 'सदर महिला माझ्या चांगल्या ओळखीच्या असून पतीच्या निधनानंतर त्यांनी आजतागायत पुनर्विवाह केलेला नाही.' काकी शेंगा फोडत बसली होती, तिला वाचून दाखवलं.

"म्होरं लिव की," ती म्हणाली, "कुणी इचारलंच न्हाई म्हणून."

शुक्रवारी सातवी खेप. लाडू जास्तीचे केलेत तिने.