थेंब, तळं आणि विजेवरची गाडी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही घेऊन बसले. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोजचा किरकोळ खर्च आठ वर्षं बाजूला टाकला तर त्यात विजेवरची गाडी येते, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. हा हिशेब फसवा आहे. गाडीची किंमत म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. आणि ज्याच्या हातात महिनाअखेर थेंबसुद्धा उरत नाही त्याला ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ऐकवणं निर्दयपणाचं आहे.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. माझा लेख ज्याचं पोट भरून चार पैसे इकडेतिकडे जातात अशा माणसासाठी होता, पण तसं मी कुठेही म्हटलं नव्हतं. ते म्हणायला हवं होतं. ज्याची कमाईच अपुरी आहे त्याचा प्रश्न कमाईचा आहे, त्याच्या सवयींचा नाही.

दुसरा आक्षेपही बरोबर आहे, आणि तो तुम्ही म्हणता त्याहून जड आहे. मी गाडीची किंमत रोजच्या किरकोळ खर्चाच्या ३००० पट धरली होती. ३००० दिवस म्हणजे सव्वाआठ वर्षांच्या आतबाहेर. पण आधी साठवून मग रोखीने गाडी घेणारे किती? बहुतेक जण कर्ज काढतात. ९ टक्के व्याजाने ७ वर्षांचं कर्ज काढलं तर १०० चे १३५ फेडावे लागतात. म्हणजे ३००० दिवसांचे झाले ४०५० दिवस, अकरा वर्षं. उलट्या बाजूने पाहिलं तर आणखी टोचतं: त्या सात वर्षांत सगळा किरकोळ खर्च, अगदी सगळा, थांबवला तरी हप्त्याचा जेमतेम ६३ टक्के भाग भरतो. वर विमा, टायर, वीज. टायरचं मुद्दाम लिहिते, कारण ते कुणी धरत नाही. बॅटरीमुळे गाडी जड असते आणि मोटरची ओढ पहिल्या क्षणापासून पूर्ण असते, त्यामुळे टायर लवकर झिजू शकतात. ब्रेक पॅड मात्र जास्त टिकतात, कारण वेग कमी होताना मोटरच जनित्राचं काम करते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. इंजिन ऑइलचा खर्च नाही. या जमेच्या बाजू खऱ्या आहेत, पण हप्त्यापुढे लहान आहेत.

आणि घसारा, म्हणजे गाडी जुनी होताना तिच्या किमतीत होणारी घट. लिथियम-आयन बॅटरी पॅकचे भाव २०१० ते २०२३ या काळात जवळजवळ नव्वद टक्क्यांनी उतरले. नवीन गाडी घेणाऱ्याला ही आनंदाची बातमी. पण जुनी विकायला काढणाऱ्याला नाही, कारण त्याच्या गाडीची स्पर्धा दर वर्षी स्वस्त आणि लांब पल्ल्याच्या होत जाणाऱ्या नव्या गाड्यांशी असते. हे मी लेखात धरलंच नव्हतं. चूक माझी.

पण पहिला आक्षेप, म्हणजे अशी तुलनाच फसवी, तो मला मान्य नाही. तुलना फसवी कधी होते, तर ती एकाच बाजूने केली की. १९९८ साली जॉन गुरविल या अभ्यासकाने एक शोधनिबंध लिहिला. वर्षाची मोठी रक्कम ‘रोजचे फक्त इतके’ अशी सांगितली की ऐकणारा ती आपल्या रोजच्या चिल्लर खर्चाशी ताडून पाहतो आणि ती त्याला परवडण्यासारखी वाटू लागते, हे त्याने त्यात दाखवलं. विक्रेते हे पूर्वीपासून करत आले आहेत. गाडीच्या जाहिरातीत दिवसाचा हप्ता मोठ्या अक्षरात असतो, एकूण परतफेड बारीक अक्षरात. मी केलं ते याच्या बरोबर उलट. रोजची चिल्लर घेतली आणि तिची आठ वर्षांची बेरीज मांडली. त्यांचं एक टोक, माझं दुसरं. म्हणून तुलना टाकून देण्यापेक्षा दोन्ही खर्च एकाच मापाने मोजावेत, दिवसाला तरी किंवा आठ वर्षांना तरी, एवढंच माझं म्हणणं आहे.

‘किरकोळ खर्च म्हणजेच जगण्यातला आनंद, तो का हिरावता?’ असंही तुम्ही विचारलंत. हा प्रश्न मला लागला. मी मागच्या वर्षी नव्वद दिवस वहीत प्रत्येक किरकोळ खर्च लिहिला होता. या चार दिवसांत ती वही पुन्हा काढली आणि प्रत्येक नोंदीपुढे फक्त एवढंच लिहिलं: आठवतो की नाही. मैत्रिणीला दवाखान्यात भेटायला जाताना घेतलेली फुलं लख्ख आठवतात, तिने ती उशाशी ठेवून घेतली होती. पण त्याच पानावर खाली जुन्या फोनमधले फोटो साठवायची मासिक वर्गणी आहे, आणि तो फोन मी कधीच देऊन टाकला होता. बिल भरायला विसरले म्हणून लागलेला दंड आहे, एकाच महिन्यात दोनदा. आणि सगळ्यात जास्त नोंदी आहेत टॅक्सीच्या, घरातून दहा मिनिटं उशिरा निघाल्याच्या. यांत आनंद कुठे होता? हे खर्च मी केले असंही म्हणवत नाही, ते माझ्याकडून झाले. माझा रोख त्यांच्यावर होता. फुलांवर कधीच नव्हता, आणि लेखात मी दोघांना एकाच पोत्यात भरलं याचं वाईट वाटतं.

आता विजेच्या खर्चाबद्दल, कारण तुम्ही ‘बचत होते हे सिद्ध करा’ म्हणालात. मध्यम आकाराची विजेवरची गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरून ४० किलोमीटरला ७ युनिट समजा. लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोल गाडीला त्याच अंतराला २.७ लिटर लागतं. एका लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे ती गाडी २४ युनिट जाळते आणि त्यातली बरीचशी उष्णता होऊन हवेत जाते. यावरून एक सोपा आडाखा निघतो: तुमच्याकडे एका लिटरची किंमत एका युनिटच्या किमतीच्या पावणेतीन पटींहून जास्त असेल, तर चालवण्याचा खर्च विजेचा कमी. हा आडाखा घरच्या चार्जिंगचा आहे. रस्त्यावरच्या जलद चार्जरचा दर बहुधा चढा असतो, तिथे चार्ज करणार असाल तर तोच दर घालून पाहा.

पण बचत किलोमीटरमागे होते, दिवसामागे नाही, आणि इथे माझं स्वतःचं उदाहरण माझ्या लेखाच्या विरुद्ध जातं. माझा रोजचा प्रवास १२ किलोमीटरचा. पेट्रोल लागेल ०.८ लिटर, वीज दोन-सव्वादोन युनिट. यांतला फरक माझ्या त्या उशिराच्या टॅक्सीपेक्षा कमी आहे. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर यांतलं जे आधी संपेल तितकी वॉरंटी देतात. माझी आठ वर्षं संपतील तेव्हा गाडी ३५,००० किलोमीटर चाललेली असेल, आणि बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होतेच. दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर जाणाऱ्याचं गणित निराळं, त्याच्यासाठी विजेवरची गाडी खरोखर पैसे वाचवू शकते. मी ती इतक्यात घेत नाहीये. बसने गेले तरी चालतं, फक्त दहा मिनिटं आधी निघायला हवं. गेल्या सोमवारपासून निघते आहे.

मूळ लेखातलं ‘त्यात विजेवरची गाडी येते’ हे वाक्य आज काढलं. त्या जागी कर्जाचा वर दिलेला हिशेब घातला आहे आणि खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. घसाऱ्याचा आकडा मात्र अजून मोकळा आहे. तुम्ही स्वतः तीन वर्षं अशी गाडी चालवून विकली असं लिहिलंत, तर विकताना मूळ किमतीचा किती भाग हाती आला ते सांगाल का? तुमची हरकत नसेल तर तोही तिथे घालते.