मोबाइल आला म्हणून कॅमकॉर्डर बाद होत नाही

एक मेसेज सध्या गटागटांत फिरतोय: ‘मोबाइलमध्ये फोर-के आलं, कॅमकॉर्डर गेला भंगारात. घ्यायचाच तर फोर-के आणि सगळ्यात जास्त झूमवाला घ्या, नाहीतर सरळ मिररलेस.’ (कॅमकॉर्डर म्हणजे खास व्हिडिओसाठीचा हातातला कॅमेरा, फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्र, मिररलेस म्हणजे लेन्स बदलता येणारा फोटोचा कॅमेरा.) हे वाचून आमच्या मंडळाने जत्रेतल्या दशावताराच्या शूटिंगचा बेत बदलायला घेतला, म्हणून लिहितोय.

मोबाइल पुरतो का? वाढदिवसाला, सहलीला नक्की पुरतो. अंधारात तर चांगला मोबाइल स्वस्त कॅमकॉर्डरपेक्षा स्वच्छ चित्र देतो, कारण त्या कॅमकॉर्डरचा चित्र टिपणारा सेन्सर नखाहून लहान असतो. पण दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गेल्या जत्रेत मी मोबाइलच लावला होता. दीडेक तासात तो तापला आणि राजा तलवार उपसत असतानाच रेकॉर्डिंग आपोआप बंद पडलं. शिवाय माणसांच्या मागून, वीसेक मीटरवरून राजाचा चेहरा टिपायचा म्हटलं की बरेच मोबाइल कमी उजेडात टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स सोडून मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र ताणतात. रंगवलेल्या चेहऱ्याचा लगदा होतो.

‘सगळ्यात जास्त झूम’ हा सल्ला तर निव्वळ फसवा. सोनीच्या सीएक्स ४०५ या कॅमकॉर्डरचं उदाहरण घ्या. त्याचा डिजिटल झूम ३५० पट, पण ऑप्टिकल ३० पट. भिंगाने खरोखर जवळ आणलेलं चित्र त्या ३० पर्यंतच. पुढे तेच चित्र फुगवलेलं. ऑप्टिकलचा आकडा तेवढा वाचावा. आणि त्या झूमवर हात जराही हलला तर अख्खा रंगमंच हलतो, त्यामुळे ट्रायपॉडचे पैसे आधी बाजूला काढावेत.

फोर-के हवंच असं नाही. सेकंदाला १०० मेगाबिट दराने शूट केलं तर तासाला ४५ जीबी भरतात. पाच तासांचं नाटक म्हणजे सव्वादोनशे जीबी, तेही एका जत्रेचं. फुल एचडीत २८ मेगाबिटला तासाला तेरा जीबीच्या आत काम होतं, आणि गावातले बहुतेक लोक ते मोबाइलवरच बघणार.

मिररलेसचं चित्र सुंदर, यात वाद नाही. पण जुने बरेच मॉडेल सलग रेकॉर्डिंग करताना २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतात. युरोपात त्याहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ कॅमेऱ्याचा जादा कर लागायचा, त्यातून ही मर्यादा आली. सेकंडहँड घेताना हे विचाराच.

मेसेजात आवाजाबद्दल एक शब्द नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. दशावतारात पेटी, मृदंग आणि झांज एकाच वेळी वाजतात. कॅमेऱ्याचा आतला माइक मागच्या पोरांचा गलका आधी पकडतो, झांज वाजली की आवाज फाटतो आणि पात्राचं पद हरवतं. बाहेरचा माइक पेटीजवळ ठेवला की फरक कानाला लगेच कळतो. पण मघाच्या त्या सीएक्स ४०५ला माइकची पिनच बसत नाही, तसं सॉकेटच नाही. कमी बजेटच्या कॅमेऱ्यात काटछाट बहुधा इथेच होते.

मंडळाला म्हणूनच सांगितलं: फुल एचडी चालेल, झूम वीस पट चालेल, पण माइकचं आणि हेडफोनचं सॉकेट हवं, आवाजाची पातळी हाताने कमी-जास्त करता यायला हवी आणि जास्तीची मोठी बॅटरी मिळायला हवी. दुकानात जाताना आपला माइक आणि हेडफोन बरोबर न्या. तिथेच लावून टाळी वाजवा आणि ऐका.