नानांना मॅच बघू द्या

3 जून 2025 ची रात्र आठवली की अजून डोकं सणकतं. आयपीएलची फायनल, आणि बेंगळुरूचा कप्तान कोण, तर आपल्या इंदूरचा रजत पाटीदार! आमचे नाना, वय 81, रामबागेतल्या घरात संध्याकाळी सातपासून चष्मा पुसून टीव्हीसमोर बसले होते. ज्यांच्या वडिलांनी यशवंत क्लबच्या मैदानावर भारताचे पहिले कसोटी कप्तान कर्नल सी. के. नायडू यांना खेळताना पाहिलं, ज्यांना इंदूरच्या होळकर संघाने चार वेळा रणजी कोणकोणत्या साली जिंकली ते तोंडपाठ आहे, त्या माणसाला आपल्या गावच्या पोराला कप्तानी करताना बघायचं होतं. एवढीच काय ती इच्छा.

टीव्ही लावला, तर पडद्यावर पाटी: हा चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही. केबलवाल्याला फोन केला. तो म्हणे, "भिया, स्पोर्ट्स का पैक अलग से लगेगा, सुबह चालू कर दूँगा." अरे, फायनल रात्री आहे आणि चॅनल सकाळी चालू करून काय त्याची पूजा करायची? दर महिन्याला केबलचे पैसे मोजतो आम्ही, न चुकता!

मग राहिलं मोबाइलचं ॲप. 2023 आणि 2024 मध्ये हीच आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवली. नानांना मीच शिकवलं होतं, कुठे दाबायचं, आडवा कसा धरायचा. सगळ्या देशाला सवय लागली आणि 2025 ला फाटक बंद! तेव्हा थोडी मिनिटं दाखवायचे आणि मग पैसे मागायचे. तीन महिन्यांचे तेव्हा 149 होते, तेही फक्त मोबाइलवर. टीव्हीवर बघायचं तर 299 होते. आणि पैसे भरूनही जाहिराती होत्याच! भरले मी. पैसे कटले, पॅक काही दिसेना. खातं धाकट्या भावाच्या नंबरवर, तो पुण्यात, ओटीपी त्याच्याकडे, आणि तो ऑफिसातून निघून गाडी चालवतोय. हे सगळं निस्तरेपर्यंत रजत खेळायला आला, 26 धावा काढल्या आणि आउट होऊन गेलासुद्धा. नानांनी त्याचा एक फटका पाहिला नाही. एकसुद्धा नाही.

शेवटची ओव्हर. पंजाबला 29 हव्यात. आमच्या फोनवर बेंगळुरूचा बॉलर हेझलवूड अजून रनअपच्या टोकाला उभा, आणि शेजारच्या घरात आरडाओरडा, खाली गल्लीत फटाके! शेजाऱ्यांच्या टीव्हीवर दोन चेंडू कोरे जाऊन मॅच जवळजवळ संपलेली. नानांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, "जिंकले वाटतं," आणि उठून आत गेले. पैसे मोजून शिळी मॅच!

कुणी म्हणेल, दूरदर्शन आहे की. आहे ना. 2007 चा कायदाच आहे की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्र खाजगी चॅनलने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, दिलंच पाहिजे. पण 2017 मध्ये सुप्रीम कोर्टात ठरलं की ते चित्र फक्त दूरदर्शनचा अँटेना नाहीतर फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकट छत्री, यांवरच दिसेल, केबलवरून नाही. म्हणजे भारताची वनडे असली तरी आमच्या केबलवर डीडी स्पोर्ट्सला दुसरंच काहीतरी चालू असतं. फ्री डिशची छत्री लावायची तर सोसायटी गच्चीची किल्ली देत नाही. आणि आयपीएल तर त्या यादीतच नाही. ॲपवाल्यांवर या कायद्याचं काही बंधनच नाही, आणि पुढचं सगळं क्रिकेट तिकडेच चाललंय!

1995 साली याच कोर्टाने, क्रिकेटच्याच प्रक्षेपणाच्या भांडणात, सांगितलं होतं की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. दूरदर्शनची मक्तेदारी गेली, चांगलंच झालं. पण जनतेच्या हातात काय आलं? 2023 ते 2027 चे आयपीएलचे हक्क 48,390 कोटींना विकले गेले. ते वसूल कोण करतं आणि कुणाकडून, हे सांगायला हिशेबनीस नको.

नानांनी सुशील दोशींची कॉमेंट्री ट्रान्झिस्टरवर ऐकली. इंदूरचाच माणूस, होळकर स्टेडियमच्या कॉमेंट्री बॉक्सला आज त्यांचं नाव आहे. त्या ट्रान्झिस्टरला सेल टाकले की मॅच लागायची. 1983 च्या वर्ल्ड कपची फायनल तर अख्ख्या वाड्याने एका टीव्हीवर पाहिली, दारातल्या चपलांवरून आत जाता येत नव्हतं म्हणतात. कुणी ओटीपी मागितला नाही.

मला सगळं फुकट नकोय. भारताची प्रत्येक मॅच आणि आयपीएलची निदान फायनल, कुठल्याही केबलवर, कुठल्याही फोनवर, पॅक न मागता दिसली पाहिजे. कायद्यात दोन ओळी घालायच्या आहेत, त्या घाला! नाना आता मला मॅच लाव म्हणत नाहीत. आधी विचारतात, "तुझे पैसे तर नाही ना जाणार?"