मेसचे तेल की बापूचे वेळापत्रक?

सदाशिव पेठेतील अभ्यासिका रात्री साडेदहाच्या सुमारास रिकाम्या होऊ लागल्या की आमचा कट्टा भरतो. गेल्या रविवारी बापू चहाला नको म्हणाला, आणि चहाला नको म्हणणारा बापू आजवर कोणी पाहिलेला नसल्यामुळे चर्चेला तिथेच तोंड फुटले. छातीत जळजळ, घशाशी आंबट आणि पोट दगडासारखे जड, ही त्याची तक्रार तीन आठवड्यांची होती आणि तिचे सगळे खापर तो मेसच्या तेलावर फोडत होता.

फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या मित्राला, ज्याला आम्ही पदवीपूर्वीच ‘डॉक्टर’ करून टाकले आहे, हे मान्य नव्हते. “तेलकट जेवणाने जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, हे खरेच आहे,” तो म्हणाला, “पण त्याच मेसमध्ये अण्णाही जेवतो. त्याला काही का होत नाही?” मग उलटतपासणी झाली. सकाळी नाश्ता नाही, अकरापर्यंत उपाशीपोटी तीन कटिंग, दुपारी मेस बंद होता होता घाईने उरकलेले जेवण आणि रात्री साडेअकराला भुर्जीपाव खाऊन बाराला अंथरुणात, असा बापूचा दिनक्रम निघाला. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला स्नायू झडपेसारखा मिटून आम्ल खाली ठेवतो; भरल्या पोटी आडवे झाल्यावर मात्र ही झडप जराशी सैल पडली तरी आम्ल वर येते. म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे, असे डॉक्टरचे म्हणणे होते.

अण्णाने सोड्याचा आग्रह धरला, कारण ढेकर आला की अन्न पचले, हा त्याच्या घरचा सिद्धांत आहे. खायच्या सोड्याचा आम्लाशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि ढेकरातून तोच वायू बाहेर पडतो, पचनाशी त्याचा संबंध नाही, हे ऐकून तो खट्टू झाला. आंबटपणा घटकाभर कमी होतो, एवढे श्रेय मात्र त्याला मिळाले.

खरा भडका उडाला तो बापूने खिशातून पँटोप्राझोलची स्ट्रिप काढल्यावर. भुर्जी खाऊन झाली की झोपण्यापूर्वी एक गोळी, असा त्याचा परिपाठ होता. आम्ल तयार करणारे पंप जेवणामुळे कामाला लागतात आणि ही गोळी चालू पंपच बंद करते, म्हणून ती जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते. बापूने तीन आठवडे बहुतेक औषध वाया घालवले होते, आणि तेही कोणाला न विचारता.

“हे सगळे परीक्षेच्या टेन्शनने होते, अल्सरही त्यानेच होतो,” असे अण्णाने ठोकून दिले. टेन्शनने पोट बिघडते हे डॉक्टरने मानले, पण अल्सरसाठी त्याने बॅरी मार्शल यांना साक्षीला काढले. या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1984 मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे अल्सरला कारण ठरणारे जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला आणि 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळवले. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो, आणि गिळताना अडकणे, काळी शौच किंवा विनाकारण घटणारे वजन दिसले तर कट्ट्यावर न बसता दवाखाना गाठावा, असेही त्याने बजावले.

मला डॉक्टरचे पटत होते, तरी तो घरी राहतो आणि आठच्या ठोक्याला आई त्याला वाढते, ही गोष्ट वादात कोणी काढत नव्हते. ती शेवटी बापूनेच काढली. “रविवारी दुपारी फीस्ट देऊन मेस संध्याकाळी बंद असते आणि एरवी मी अभ्यासिकेतून सुटतो तेव्हा काकूंनी भांडी घासायला काढलेली असतात. आठ वाजता मी खायचे काय?”

डॉक्टर प्रथमच गप्प बसला. काकूंना विचारले तर त्या दुपारीच पोळीभाजी बांधून देतील, असे अण्णाने सुचवले. पण बापूकडे डबा नव्हता. उद्या घरून आणतो, असे डॉक्टर म्हणाला.

“घट्ट झाकणाचा आण,” बापू म्हणाला, “मागच्या वेळी आमटी नोट्सवर सांडली होती.”