‘टॅटू यू’नंतरचा सर्वोत्तम? कशावरून?

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम २० ऑक्टोबर २०२३ ला आला आणि त्याच्या पाठोपाठ एक मजकूर फिरू लागला. माझ्याकडे तो आतापर्यंत पाच जणांनी पाठवलाय. त्यातल्या दोघांनी तरी अल्बम शेवटपर्यंत ऐकलेला नाही, हे मी खात्रीनं सांगू शकतो. मजकुराचा मथितार्थ असा: स्टोन्सचा अठरा वर्षांनी अल्बम आला, १९८१ च्या ‘टॅटू यू’ या अल्बमनंतरचं त्यांचं हे सर्वोत्तम काम, पाहुण्यांची यादी बघा, म्हणजे दर्जा कळेल, ड्रमर चार्ली वॉट्स गेला तरी बँड तोच आहे, आणि ऐंशीव्या वर्षी गायक मिक जॅगरसारखा आवाज लागतो कुणाचा?

अल्बम मी सात-आठ वेळा ऐकला. वाईट मुळीच नाही. एक्सप्रेसवेवर गाडीत लावला तर लोणावळा कधी आलं कळत नाही. पण या मजकुरातलं प्रत्येक विधान कुठे ना कुठे लंगडतं.

अठरा वर्षांचं आधी उरकतो. २००५ च्या ‘अ बिगर बँग’नंतर स्वतः लिहिलेल्या नव्या गाण्यांचा अल्बम २०२३ लाच आला, एवढंच खरं. मधे २०१६ साली ‘ब्लू अँड लोनसम’ आला होता. ब्लूज या अमेरिकी गानप्रकारातली बारा जुनी गाणी, लंडनच्या एका स्टुडिओत तीन दिवसांत वाजवलेली. त्याला ग्रॅमीही मिळाली. तो सोयीस्करपणे विसरला जातोय, कारण तो आठवला तर पुढचं विधानच अडचणीत येतं.

ते पुढचं विधान म्हणजे ‘टॅटू यू’. गंमत अशी, की ‘अमुकनंतरचा सर्वोत्तम’ हे बिरुद स्टोन्सच्या जवळजवळ प्रत्येक नव्या अल्बमला लागत आलंय. १९८९ ला ‘स्टील व्हील्स’ला लागलं, १९९४ ला ‘व्हूडू लाउंज’ला लागलं, २००५ लाही लागलंच. शिवाय ज्याच्याशी तुलना करताय तो १९८१ चा ‘टॅटू यू’ तयार कसा झाला ते तरी बघा. सहनिर्माता ख्रिस किम्झीनं जुन्या फिती धुंडाळून काढलेला तो माल आहे. त्यातलं ‘स्टार्ट मी अप’ हे गाणं १९७८ च्या ‘सम गर्ल्स’ अल्बमच्या वेळचं. आधी ते रेगेच्या चालीत वाजवून बघत होते, मग बाजूला पडलं. ‘वेटिंग ऑन अ फ्रेंड’ तर १९७२ साली जमैकातल्या किंग्स्टनमध्ये वाजवलेलं, म्हणजे गिटारवादक मिक टेलर बँडात होता तेव्हाचं. सॅक्सोफोनवर सनी रोलिन्स नंतर आला. थोडक्यात, १९८१ चा म्हणून जो मापदंड आपण धरतो तो बहुतांशी सत्तरच्या दशकातल्या उरल्यासुरल्याचा आहे. त्या काळचं स्टोन्सचं शिळंही आजच्या ताज्यापेक्षा चवदार होतं, हे मात्र त्यातून दिसतं. ‘हॅकनी’तलं ‘गेट क्लोज’ किंवा ‘होल वाइड वर्ल्ड’ काढून दहा वर्षं कपाटात ठेवा आणि मग सांगा, कुणी शोधायला जाईल का.

पाहुणे? पॉल मॅकार्टनी, एल्टन जॉन, लेडी गागा, स्टीव्ही वंडर. लग्नपत्रिकेवर ‘आपले नम्र’खाली किती नावं छापलीत यावरून जेवण कसं होतं ते ठरत नाही. ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ मात्र खरोखर उभं राहतं, आणि त्यात गागाचा वाटा मोठा आहे हे मोकळ्या मनानं मान्य. एल्टन पियानोवर आहे हे मला श्रेयनामावली वाचल्यावर कळलं.

आता चार्ली. इथे मला खरं भांडायचंय.

७ एप्रिल २००३ ला स्टोन्स मुंबईत ब्रेबर्नवर वाजवून गेले. मी पार मागे होतो. जॅगर बोटभर दिसत होता, पण धावत होता म्हणून सापडायचा. चार्ली वॉट्स हलतच नव्हता. एवढ्या अवाढव्य रंगमंचावर एवढासा ड्रमसेट, आणि त्यामागे ताठ बसलेला हा माणूस. त्याची एक सवय प्रसिद्ध आहे: स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवर, काठी पडायची त्या क्षणी हाय-हॅटवरचा, म्हणजे बाजूच्या झांजांच्या जोडीवरचा, हात तो उचलून घ्यायचा. बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात. त्या उचललेल्या हातामुळे ठेक्यात श्वासाएवढी फट पडायची. त्यात भर म्हणजे, इतर बहुतेक बँडांत सगळे ड्रमरच्या मागे चालतात, इथे चार्ली कीथ रिचर्ड्सच्या गिटारमागे चालायचा. म्हणून लय किंचित झोके घ्यायची. आता कोसळणार असं वाटायचं आणि समेवर सगळे हजर! स्टोन्सचं स्टोन्सपण मला तरी त्या झोक्यात दिसतं.

२४ ऑगस्ट २०२१ ला तो गेला. ‘हॅकनी’च्या बारांपैकी दोन गाण्यांत तो आहे, ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द सोर्ड’. दोन्ही २०१९ ला ध्वनिमुद्रित झालेली. दुसऱ्यात तर बँडचा जुना बासवादक बिल वायमनही परतलाय. शेवटच्या गाण्यात ड्रमच नाहीत, बाकी नवांतला ठेका स्टीव्ह जॉर्डनच्या हाती. जॉर्डन उत्तम वाजवतो, कीथबरोबर ऐंशीच्या दशकापासून आहे, त्याच्यात खोट काढणं पाप. पण तो ठाम, घट्ट वाजवतो. झोका गेला. ‘अँग्री’ आणि ‘लिव्ह बाय द सोर्ड’ लागोपाठ लावून फक्त स्नेअर ऐका. ‘बँड तोच’ म्हणणाऱ्यांनी चार्लीला श्रद्धांजली वाहता वाहता त्याचं कामच खोडून टाकलंय.

राहिला आवाज. ऐंशीतल्या गवयासाठी पहाटेपर्यंत बसून राहणारे आपण लोक. वयाचं अप्रूप आपल्याला कशाला? त्या गाण्यात वय ऐकू यावं, एवढीच अपेक्षा असते. कॅनडाचा गायक-कवी लेनर्ड कोहेन, त्यानं ब्याऐंशीव्या वर्षी अल्बम काढला, त्यात त्याचं वय शब्दाशब्दातून कुरकुरतं. इथे जॅगर चाळिशीचा वाटतो, आणि लोक त्यालाच दाद देतायत. निर्माता अँड्र्यू वॉट १९९० चा जन्म, पहिल्या तीन गाण्यांच्या लेखनातही त्याचं नाव आहे. त्यानं सगळं घासूनपुसून पुढे आणून ठेवलंय. स्टोन्सच्याच १९७२ च्या ‘एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट’ अल्बममध्ये जॅगरचा आवाज वाद्यांत इतका बुडालेला आहे की शब्दांसाठी कान टवकारावे लागतात. इथे काही शोधावंच लागत नाही. हॅकनी डायमंड्स म्हणजे लंडनच्या बोलीत खिडकी फोडल्यावर सांडलेल्या काचा. यातली एकही बोटाला लागत नाही.

शेवटचं गाणं सोडून. कीथची गिटार, मिकचा माउथ ऑर्गन, बास नाही, ड्रम नाहीत, पाहुणा नाही. अडखळतं, खरखरतं, आणि दोघंही आपापल्या वयाचे ऐकू येतात. तेवढं मी पुन्हा पुन्हा लावतो. ते ब्लूज गायक मडी वॉटर्सचं आहे, १९५० सालचं.